दार काढलेली खोली

बिजागरीचा खालचा स्क्रू दर निवडणुकीला हट्ट धरायचा, आणि नाना त्याच्याहून हट्टी असल्यामुळे सकाळपासून दोघांची जुंपली होती.

"तेल सोडा त्यावर," आई आतून म्हणाली.

"सोडलंय."

"मग मुरू द्या जरा."

"अकराला खोलीची पाहणी आहे. स्क्रूला सांगू का, पुढच्या आठवड्यात ये म्हणून?"

निवडणूक आली की पुढच्या खोलीचं दार काढून ठेवायचं, ही या घराची रीत. नानांच्या वडिलांनी घातलेली. तेही सुतारच. रस्त्याला लागून एवढी ऐसपैस खोली गावात दुसरी नव्हती, म्हणून निवडणूक कचेरीनं ती मतदानासाठी मागितली आणि त्यांनी हौसेनं दिली. पहिल्याच वर्षी भर दुपारी वाऱ्यानं दार लोटलं गेलं. आत मतपेटी होती, शिक्का होता, माणसं होती. पण डोंगरापलीकडच्या वस्तीवरून कडेवर पोर घेऊन चालत आलेल्या एका बाईनं लांबूनच बंद दार पाहिलं, मतदान संपलं असं समजली आणि आल्या पावली परत गेली. पुढे बाजारात हे त्यांच्या कानावर आलं. "दार असलं की ते लागणारच," एवढंच ते म्हणाले, आणि पुढच्या निवडणुकीला त्यांनी दारच काढलं.

दुसरी रीतही त्यांचीच. या घरात मत मागायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही. ही रीत सगळ्यांच्या इतकी अंगात मुरली होती की आईनं आजवर कुणाला मत दिलं हे नानांना ठाऊक नव्हतं. नानांनी कुणाला दिलं हे आईला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण ती बोलत नसे.

स्क्रू एकदाचा फिरला.

"धर," नाना थोरल्याला म्हणाले. "नीट धर. कागद उचलून उचलून दंडातली ताकद गेली तुझ्या."

थोरला निवडणूक कचेरीतच कारकून. आठवडाभर शहरात राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. आज सुट्टी नव्हती. तरीही तो रजा टाकून पहिल्या गाडीनं आला होता, आणि मुलगा आपल्या मदतीला आला या समजुतीनं नाना सकाळपासून खुशीत होते. बापलेकांनी दार उचलून मागच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. दाराची खालची कड फुगली होती. नानांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि रंधा शोधायला लागले.

"धाकटी कुठंय?" थोरल्यानं विचारलं.

"गाडी धुतेय. आजच कुठली धुवायची घाई सुटलीय तिला, देव जाणे."

थोरल्याला ते चांगलं ठाऊक होतं. काल दुपारी कचेरीत शेजारच्या टेबलावरचा हसत म्हणाला होता, "तुमच्या भगिनी उमेदवारीचा अर्ज घेऊन गेल्या." थोरल्यानं तिथल्या तिथं रजा टाकली होती.

धाकटीची मिनीबस घरामागच्या उतारावर उभी होती. डोंगरापलीकडच्या वस्त्या आणि शहर यांच्यामध्ये ती रोज चार खेपा मारायची. मतदानाच्या दिवशी कचेरी हीच गाडी ठरवायची. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना धाकटी घरून उचलायची, या खोलीत आणायची आणि परत सोडायची. थोरला चाकाजवळ जाऊन उभा राहिला.

"काल अर्ज नेलास."

"तुमच्या कचेरीत भिंतींना कान आहेत की तोंड?"

"मी त्याच भिंतीत बसतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"या घरात कोणी कोणाला काही सांगतं का, दादा?"

"उगाच वाकडं बोलू नकोस. उमेदवाराच्या घरात मतदान केंद्र चालत नाही. तू अर्ज भरलास की खोली गेली. नानांची खोली!"

"माहितीये."

"नानांना माहितीये?"

धाकटी चाक घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"दोनदा, दादा," ती म्हणाली. "दोनदा ठेकेदार बिनविरोध निवडून आला. एकच अर्ज, मग मतदान कसलं? ना मतपेटी आली, ना माणसं. माझी गाडी दिवसभर इथंच उभी. आणि नानांनी दोन्ही वेळेला दार काढलं. तू शहरात होतास, मी बघितलंय. मागच्या खेपेला धुतलेला सदरा घालून खुर्ची टाकून बसले होते. संध्याकाळी एक कुत्रं येऊन आत झोपलं. त्यालाही हाकललं नाही त्यांनी."

हे थोरल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"खोली राहावी म्हणून मतदानच होऊ द्यायचं नाही, मग ती खोली कशाची? आणि तो घाटातला रस्ता. जिल्हा मंडळात दहा वर्षं बसलाय तो, रस्त्याचा ठेकाही त्याचाच, आणि माझ्या गाडीतल्या म्हाताऱ्या प्रत्येक वळणाला डोळे मिटून बसतात."

थोरल्यानं नेहमीसारखा नियम काढला. "सूचक कोण तुझा? इथल्या मतदाराची सूचक म्हणून सही लागते."

"न्हावी होता."

"होता?"

"काल रात्री ठेकेदाराची गाडी त्याच्या दारात उभी होती. सकाळी दुकान बंद. बायको म्हणते, बहिणीकडे गेलेत."

थोरल्याला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली, पण हायसं जास्त वाटलं.

"मग मिटलं. आज तीनला मुदत संपतेय."

"आई आहे की."

"विचारलंस तिला?"

"ती म्हणते, ह्यांच्या पाठीमागे मी सही करणार नाही. आधी त्यांना सांग, मग कागद आण." धाकटीनं फडकं बादलीत टाकलं. "सांगणार आहे मी. पाहणी होऊन जाऊ दे फक्त. पाहणीच्या बाईंसमोर आजचा एक दिवस मिरवू दे त्यांना."

आता बापाला सुख द्यायचं म्हणून लपवायचं, आणि लपवलं म्हणून बापाला दुःख व्हायचं, हा या घराचा जुनाच धंदा. थोरल्याच्या वेळी, त्यानं सुतारकाम सोडलं तेव्हाही, हेच झालं होतं. पण स्वतःला लागलेली ठेच दुसऱ्याच्या वेळी आठवेल तर तो थोरला कसला.

बाजूच्या खोलीत थोरल्याची बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. नवरा शहरात आणि तिचं शिवणाचं दुकान इथं, त्यामुळे लग्न झाल्यापासून ती या घराची माणूस जास्त आणि नवऱ्याची बायको सुट्टीपुरती होती. ठेकेदार तिचा सख्खा मामा. आईवडील लवकर गेले, मामानंच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. तो आला की आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची आणि पुटपुटायची, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं."

आज सकाळीही मामा येऊन गेला होता. हातात सदरा, तुटलेलं बटण लावायला. एवढ्या मोठ्या माणसाला बटण लावून द्यायला दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

"तुझी नणंद काहीतरी करतेय म्हणे?" त्यानं बसता बसता विचारलं.

"मला काय माहीत, मामा. इथं कोणी काही बोलत नाही."

"नको बोलूस. मी कुठं विचारतोय? एवढंच बघ, आज पाहणीच्या बाईसमोर तुझ्या सासऱ्यांची सही झाली पाहिजे, घरात कोणी उमेदवार नाही म्हणून. नेहमीचीच असते. ती झाली की मग कोणीही खुशाल अर्ज भरावा." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तो निघून गेला.

बटण लावून दोरा दातानं तोडताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी सासऱ्यांनी लिहून द्यायचं, घरात उमेदवार नाही. दुपारी त्यांच्याच मुलीनं अर्ज भरायचा. मग एक तर मुलगी अर्ज मागे घेणार, नाहीतर म्हातारा जिल्हाभर खोटारडा ठरणार. मामाला बोटही उचलावं लागणार नव्हतं. ती सुई हातात घेऊन तशीच बसली. उठून सासऱ्यांना सांगावं तर मामाशी बेइमानी, गप्प बसावं तर रोज ज्यांच्या ताटाशेजारी जेवायचं त्यांचा घात. इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, ठरल्यापेक्षा तासभर उशिरा.

पाहणीच्या बाई कामाच्या पक्क्या होत्या. आल्या आल्या त्यांनी टेप काढून चौकट मोजली, म्हाताऱ्यांसाठी उंबऱ्याला टाकलेल्या उतरत्या फळीवरून स्वतः चालून पाहिलं, दिवा लावून बघितला.

"दार कुठंय?"

"मागे," नाना म्हणाले. "रंधा मारायचाय त्याला. ते आता निकालानंतर लागणार."

"दर वेळी काढताच ना तुम्ही?"

"वडिलांपासून." मग नानांनी त्यांना वडील, वारा आणि कडेवर पोर घेतलेली बाई ही गोष्ट सांगितली. बाईंनी ती मागच्या दोन्ही पाहण्यांच्या वेळी ऐकली होती, तरी ऐकून घेतली. नानांनी मतदानाचा लाकडी आडोसा उघडून दाखवला. तीन फळ्या, आतून पितळी बिजागऱ्या, उघडला की आवाज नाही. तो त्यांनी स्वतःच्या हातानं केला होता आणि त्याच्यावरची धूळ ते दुसऱ्या कोणाला पुसू देत नसत.

आई चहा घेऊन आली. तिच्यामागे धाकटी, हात अजून ओले. थोरला खिडकीशी आपल्या वरिष्ठ बाईंची नजर चुकवत उभा होता.

"छान," बाई म्हणाल्या आणि कागद काढला. "हमीपत्र तेवढं राहिलं. या घरातलं कोणी उमेदवार आहे का? होणार आहे का?"

नाना हसले. "आमच्या घरात? बाई, इथं बायको नवऱ्याला मत सांगत नाही." मग गंमत म्हणून ते मागे वळले. "काय रे, आहे का कोणी उभं राहणारं?"

धाकटीनं तोंड उघडलं. नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तिला दिसत होतं आणि ते आपल्याच हातानं पुसायचं तिच्यानं होईना.

"नाही," थोरला म्हणाला.

तो हे इतक्या पटकन म्हणाला की त्याला स्वतःलाच ते मागाहून ऐकू आलं. नानांनी पेन घेतलं, टोपण काढलं, कागद गुडघ्यावर सरळ केला.

"नाना, थांबा."

बाजूच्या दारात सून उभी होती. गळ्यात मापाची फीत, ओठ पांढरे. या घरात मोठ्यांच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती, त्यामुळे सगळे तिच्याकडे आ वासून बघायला लागले.

"सही करू नका. मामांना... मामांना तुमची सही हवी आहे."

"कोण मामा? ठेकेदार? त्याचा नि माझ्या सहीचा काय संबंध?"

सुनेनं धाकटीकडे पाहिलं. आता याहून पुढचं तिच्या नात्यात बसत नव्हतं.

"नाना, मी उभी राहतेय," धाकटी म्हणाली. "आज अर्ज भरायचाय."

नानांनी पेनाला टोपण लावलं, ते नीट बसलं की नाही हे पाहिलं आणि पेन बाईंना परत दिलं.

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. "तुम्ही आमच्याच कचेरीत ना? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

"उद्या सकाळी मला भेटा." त्यांनी कागद पिशवीत घातला. "हे बघा काका, अर्ज आलेला नाही तोवर माझ्या लेखी उमेदवार नाही. पण आता ऐकल्यावर ही सही मी घेऊ शकत नाही. मी खालच्या शाळेत जाते, तिला नवं छप्पर झालंय. परत जाताना इथं थांबेन. तोवर तीन वाजून गेलेले असतील. अर्ज भरला नसेल तर सही करा. भरला असेल तर मला बाहेरची पाटी काढून द्या."

"आणि पुढच्या निवडणुकीला?" नानांनी विचारलं.

"एकदा केंद्र शाळेत गेलं की परत येत नाही, काका. मी खोटं कशाला सांगू?"

जीप गेली. नाना कोणाकडे न बघता मागच्या अंगणात गेले, आणि लगेच रंध्याचा आवाज सुरू झाला. तो नेहमीसारखा लांबलचक नव्हता. तुटक तुटक होता.

खोलीत थोरला बायकोला म्हणाला, "आता मामांना काय तोंड दाखवणार आहेस?"

"तुम्ही नानांना काय दाखवणार आहात?"

थोरला खाली बसला.

"मी करते सही," ती धाकटीला म्हणाली. "मी इथलीच मतदार आहे. आण तो कागद."

"वहिनी, तुझं माहेर तुटेल."

"तुटायचं ते मघाशीच तुटलं. आता सही केली काय नि न केली काय."

धाकटीला भडभडून आलं. ज्या वहिनीसमोर ती महिनाभर जपून बोलत होती, तीच कागद मागत होती आणि सख्खा भाऊ जमिनीकडे बघत बसला होता. तिनं वहिनीचा हात धरला. "नको. आधी नाना."

"जा मग," आई म्हणाली. "इथं रडून काय उपयोग? ते काही खाणार नाहीत तुला. त्यांचे दात गेलेत."

नाना दाराच्या कडेवर ओणवे होते. पायाशी लाकडाच्या पातळ सुरळ्या साठल्या होत्या. धाकटी समोरच्या बाजूला उभी राहिली.

"कधीपासून ठरवलंस?"

"महिना झाला."

"आईला कधी सांगितलंस?"

"परवा."

"थोरल्याला?"

"त्याला कचेरीत कळलं. काल."

"आणि सुनेला तिच्या मामाकडून. म्हणजे ते कुत्रं तेवढं राहिलं, त्याच्यानंतर माझा नंबर."

"तुमची खोली जाईल म्हणून सांगवत नव्हतं, नाना."

"खोली जाईल म्हणून नाही. मी नको म्हणेन म्हणून."

"हो," धाकटी म्हणाली. "म्हणून."

रंधा थांबला. नानांचा आवाज चढला. "त्या बाईसमोर मी हसत होतो! हसत विचारलं मी, आहे का कोणी! आणि तुम्ही सगळे माहीत असून उभे. पोराला तर खोटं बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही. दारच काढायची रीत आहे म्हणून या घरात भिंती नाहीत असं थोडंच आहे? भिंतीच भिंती आहेत!"

"चुकलं माझं. पण मागच्या खेपेला दार काढून बसला होतात ना तुम्ही? मतदान नाही हे माहीत होतं तुम्हाला. का बसला होतात?"

तिला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी रंधा स्टुलावर उपडा ठेवला आणि कडेवरचा भुसा फुंकून टाकला.

"मला मत द्यायचं होतं," ते म्हणाले. "कुणाला का असेना. सकाळी दाढी केली, सदरा घातला, आणि मग आठवलं की या वेळी नाहीच आहे. मागच्या वेळीही नव्हतं. खोली माझी, आडोसा मी केलेला, आणि मत द्यायला मिळत नाही. लई चीड आली गं. कोणीतरी उभं राहावं असं वाटायचं. कुणाच्या तरी घरातलं." त्यांनी नाक पुसलं. "आपल्या घरातलं नको होतं, एवढंच."

"मग राहू दे का? तुम्ही म्हणालात तर राहू दे. खरंच सांगतेय."

नानांनी दाराच्या कडेवरून पुन्हा तळवा फिरवला. एवढ्या वर्षांत त्यांना या लाकडाची गाठ न् गाठ ठाऊक झाली होती. खालच्या बिजागरीपाशी वडिलांनी एकदा भोक चुकवून बुजवलं होतं, तिथं त्यांचा अंगठा थांबला. वडील असते तर काय म्हणाले असते, हे त्यांना काही केल्या सुचेना. शेवटी त्यांनी त्यांना विचारायचं सोडून दिलं.

"किती वाजले?"

"दीड होतोय."

"गाडीत डिझेल आहे?"

"आहे."

"मग इथं काय बोलत बसलीयस? घाटात तुझी गाडी काय उडत जाणार आहे? कागद घे. सूचक मी."

आई ओट्यावरूनच म्हणाली, "मी करते म्हटलं होतं सही."

"तू नको. मुलीनं बापाची खोली घालवली असं लोक म्हणतील. बापानं दिली म्हणू देत."

गाडी सुरू झाली तेव्हा थोरला धावत आला आणि मागच्या बाकावर चढला. नानांनी मान वळवली नाही.

"अर्ज कुठं कुठं चुकतात ते मला माहीत आहे," तो मागून म्हणाला. "रोज मीच परत पाठवतो. सूचकाचा यादीतला क्रमांक चुकला की छाननीत उडतो. दाखव इकडे."

घाटात पहिल्या वळणाला गाडी असा काही दणका खाऊन उठली की नानांचं डोकं छताला लागलं.

"ठेकेदार!" नाना म्हणाले, आणि गाडीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

कचेरीत फारसं काही झालं नाही. खिडकीपाशी गर्दी होती, घड्याळ पुढे होतं की बरोबर होतं यावर कोणाचा तरी वाद चालला होता. थोरल्यानं दोन चुका काढल्या, दोन्ही सुधारल्या. नानांनी सही केली. ती सुतार चौकोन आखतो तशी सावकाश, रेघेवर. अधिकाऱ्यानं विचारलं, "उमेदवाराशी नातं?" नाना म्हणाले, "मतदार." थोरल्यानं खालच्या आवाजात दुरुस्ती केली, "वडील."

परत येताना समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता धाकटीनं विचारलं, "नाना, मत मला देणार ना?"

"सही केली म्हणजे मत दिलं असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आणि असं गाडी चालवता चालवता विचारतात होय? उमेदवार दारात येऊन विचारतो."

घरासमोर जीप उभीच होती. नाना आतून पेचकस घेऊन आले आणि भिंतीवरची 'मतदान केंद्र' ही पाटी उतरवायला लागले. थोरला पुढे झाला तर त्याला कोपरानं बाजूला केलं. पाटी निघाली, मागे भिंतीवर तेवढा तुकडा जुन्या रंगाचा राहिला. मग नाना आत जाऊन लाकडी आडोसा उचलून घेऊन आले.

"हाही न्या. शाळेत कुठला असायला. खिडकीकडे पाठ करून ठेवू नका, सावलीत हात कुठं जातो ते कळतं. आणि दार..." ते थांबले. "तिथलं दार काढता येत नसेल तर निदान मागे एक वीट लावा. वाऱ्यानं लागतं."

"लावते," बाई म्हणाल्या. "मी स्वतः लावते, काका."

सून मशीनवर बसली होती. थोरला तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मामा येऊन गेले," ती वर न बघता म्हणाली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. सदरा घेऊन गेले. बटण तोडून माझ्यासमोर टाकलं." तिनं मुठीतलं बटण त्याला दाखवलं. थोरला आत गेला आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

उन्हं उतरली तशी नानांनी हाक मारली, आणि बापलेकांनी दार पुन्हा उचललं. खालचा स्क्रू या वेळी मुकाट बसला. नानांनी दार एकदा लावून पाहिलं, एकदा उघडून पाहिलं. कड कुठंही घासत नव्हती. मग ते धाकटीला म्हणाले, "तू जरा बाहेर हो."

ती बाहेर झाली आणि नानांनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

धाकटी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. या दारावर तिनं जन्मात कधी टकटक केली नव्हती. रस्त्यावरून जाणारे दोघंतिघं थांबले, त्यांच्या देखत तिला लाज वाटली, आणि मग कळलं की आता महिनाभर हेच करायचंय. तिनं दार वाजवलं.

नानांनी उघडलं. सदरा बदलला होता.

"काय काम आहे, बाई?"

"मी..." तिनं हात जोडले. "मी जिल्हा मंडळाला उभी आहे. मत मागायला आलेय."

"कशासाठी द्यायचं?"

"घाटातल्या रस्त्यासाठी. आणि..." तिला पुढचं सुचेना. पाठ केलेलं सगळं पळालं होतं. "आणि पुढच्या वेळी कोणी बिनविरोध येऊ नये म्हणून. मीसुद्धा."

नानांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवले नाहीत.

"विचार करू," ते म्हणाले. "अजून दुसऱ्याचंही ऐकायचंय." आणि दार पुन्हा लावून घेतलं, हळू, आवाज न करता.

आतून आईचा आवाज आला, "अहो, पोरीला पाणी तरी द्यायचं होतं!" आणि नानांचा, "पुढच्या घरी देतील. शिकेल हळूहळू."

धाकटीनं डोळे पुसले आणि रस्त्याला लागली. पुढचं घर न्हाव्याचं होतं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत कोणीतरी होतं. ती वाकून त्याखालून आत गेली.